पितळी पत्रे

फेब्रुवारीत समुद्र गोठला
आणि उर्वेनं मोटारसायकलच्या तिन्ही पेट्या
स्वयंपाकघरात आणल्या.
डावी हाप्सालूच्या एका दंतवैद्याची,
उजवी लाटव्हियातल्या लिलावातली, चेपलेली,
मागची, मोठी, कुणा फिनिश माणसाच्या विधवेनं
बटाट्याच्या पोत्याच्या भावात दिलेली.
तीन पेट्यांच्या तीन किल्ल्या, इंजिनाची चौथी.
भर पावसात, हातमोजे दातांत धरून,
हवी ती सोडून बाकी सगळ्या हाताला लागायच्या.
"बास झालं," ती म्हणाली.
माझी रायच्या पावाची ताटली बाजूला सारून
तिनं टेबलावर पांढरं फडकं अंथरलं.

मी हेइनो. गाडीवर कधी बसलो नाही.
थांबली की पडते अशा वस्तूवर
माझा विश्वास बसत नाही.
मी फक्त दिवा धरला.

कुलूप आतून पाहिलं ते त्या रात्री पहिल्यांदा.
करंगळीएवढी नळी, तिला पाच चिरा,
प्रत्येक चिरेत नखाएवढा एक पितळी पत्रा,
त्याच्याखाली केसाएवढी स्प्रिंग.
ओळखीची किल्ली आत आली
की पाचही जण अंग चोरतात, नळी फिरते.
परकी आली
की एखादा डोकं वर काढतो,
आणि तेवढ्यावर सगळं अडतं.

"पत्रे," ती हसली.
"अडतीस वर्षं या बेटावर पत्रेच वाटली मी.
यांच्यावर निदान अक्षर तरी लागतं."
खरंच, प्रत्येकावर आकडा कोरलेला,
एक ते चार.
तिनं दंतवैद्याची किल्ली ठेवायचं ठरवलं.
का, विचारलं.
"हिचे दात चांगले आहेत."

पहिली स्प्रिंग उडाली ती थेट बीटाच्या सुपात.
सूप गाळलं. सापडली नाही.
मग जेवलो,
जपून चावत.

रात्रभर ती चिमट्यानं टपाल लावत बसली.
तीन याच्या घरी, एक त्याच्या,
हा दोन इकडचा नाही, परत पाठव.
पहाटे अडली:
उजव्या पेटीला एक चार कमी.
कानस हातात घेतली, खाली ठेवली.
"राहू दे एक घर रिकामं," म्हणाली,
"टपाल कचेरीत असायचंच एक,
पत्ता नसलेल्यांसाठी."
चार पत्र्यांवर कुलूप लागलं.
थोडं भोळं झालं असेल, पण लागलं.

उरलेल्या दोन किल्ल्या आता कशाच्याच नव्हत्या.
मी फेकायला निघालो,
ती काही बोलली नाही.
विधवेच्या किल्लीला निळ्या लोकरीचा तुकडा होता,
कुणाच्या तरी बोटांनी मळलेला.
अजून खुंटीवर आहे.

मे महिन्यात ती निघाली, एका किल्लीच्या तोऱ्यात.
तिसऱ्या दिवशी विल्यांदीच्या एका बेकरीतून फोन:
मागच्या पेटीचं झाकण खट्‌कन लागलं होतं,
आणि आत पाव, कोट, फोन, गाडीची किल्ली
आणि ती.

दंतवैद्यानं दोन दिल्या होत्या.
दुसरी मी सुतळीत ओवून गळ्यात घातली,
बस, बोट, बस, पुन्हा बस.
तळ्याकाठी ती पायरीवर बसली होती,
बेकरीवाल्याचा स्वेटर घालून.
किल्ली काढायला मी मान वाकवली,
तिनं सुतळीसकटच कुलूप उघडलं,
मी आपला पेटीला गाल लावून उभा.

"मागे बसतोस?"
"नाही."
"बरं," म्हणाली, आणि अर्धा पाव दिला.

परतीच्या बसमध्ये सुतळी मानेला टोचत होती.
शेजारच्या बाईनं विचारलं,
"घराची का?"
म्हटलं, नाही हो,
घराला आम्ही नुसता खराटा आडवा लावतो.